फायबर होडीचा कुजलेला पाट : दुरुस्तीला खरा खर्च किती?

भालकी हे नाव गोव्यातील मराठी वाचकाच्या कानावर बहुधा एका घोषणेतून आलेले असते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत बेळगाव, कारवार आणि निपाणीच्या जोडीने बिदर-भालकीचाही उच्चार होत असे. त्यापलीकडे हा तालुका कसा आहे, हे पाहण्यासाठी आपल्याकडून सहसा कोणी जात नाही. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, दख्खनच्या पठारावर, तूर, उडीद, सोयाबीन आणि ऊस पिकविणारा हा भाग. अशा गावातून होडीच्या दुरुस्तीविषयी विचारणा यावी, याचे प्रथम मलाही नवल वाटले. मात्र याच तालुक्यात ब्यालहळ्ळीजवळ कारंजा नदी अडवून केलेला विस्तीर्ण जलाशय आहे. मांजरा नदीला मिळणारे हे पाणी पुढे गोदावरीत जाते. जेथे जलाशय तेथे मासेमारी, आणि जेथे मासेमारी तेथे कोणती ना कोणती होडी, हे ओघानेच आले.

भालकीच्या एका आप्ताने किनारपट्टीवरून एक जुनी फायबरची होडी विकत घेतली. ट्रकवरून ती सुखरूप पोहोचली. दहा अश्वशक्तीचे इंजिन लावून पहिली फेरी मारली, तेव्हा इंजिनासकट होडीची मागची भिंत हलताना दिसली. एका कारागिराने चार हजारांत लोखंडी पट्टी मारून देतो म्हणून सांगितले. दुसऱ्याने पन्नास हजारांचा आकडा काढला. "दादा, दोघांपैकी खरा कोण?" असा त्याचा प्रश्न होता. हा प्रश्न मालीम, शापोरा किंवा कुटबणच्या धक्क्यावर कोणीही विचारू शकेल, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देणे योग्य वाटते. एवढे आधीच सांगतो, की दोघेही खोटे बोलत नव्हते. दोघे वेगवेगळ्या कामांचे दर सांगत होते.

भिंतीच्या पोटात काय असते?

होडीच्या पुढच्या निमुळत्या टोकाला आपण नाळ म्हणतो. मागच्या बाजूला, जिथे होडी आडवी छाटल्यासारखी दिसते आणि जिच्यावर आउटबोर्ड इंजिन टांगले जाते, त्या भिंतीला कारागीर इंग्रजीतून आलेला 'ट्रान्सम' हाच शब्द वापरतात. आपण तिला मागचा पाट म्हणू. बाहेरून पाहणाऱ्याला हा पाट सर्वस्वी फायबरचा वाटतो. प्रत्यक्षात फायबरचा एक पापुद्रा बाहेर, एक आत आणि मधोमध दीड ते दोन इंच जाडीचे प्लायवुड अशी त्याची रचना असते.

मध्ये लाकूड कशासाठी, असे कोणी विचारेल. काचतंतू आणि रेझिन यांचा पापुद्रा ताणाला चिवट असतो, परंतु पातळ असल्यामुळे सहज वाकतो. दोन पापुद्रे एकमेकांपासून दूर धरून ठेवले की त्यांचा ताठपणा विलक्षण वाढतो. फळीची जाडी दुप्पट केली तर तिचा ताठपणा आठपट होतो, हा साधा नियम येथे कामाला येतो. प्लायचे काम हेच : दोन्ही पापुद्रे घट्ट चिकटवून दूर ठेवणे आणि इंजिनाच्या बोल्टांचा दाब सोसणे. प्लाय कुजले, म्हणजे हे दोन पापुद्रे सुटे पडतात. मग दिसायला धडधाकट असलेला पाट पत्र्याच्या डब्यासारखा लवचिक होतो.

त्यावर येणारा भारही साधा नसतो. दहा अश्वशक्तीचे इंजिन चाळीस किलोच्या आसपास वजनाचे असते, पण खरा त्रास वजनाचा नाही. पंखा पाण्यात खोल असतो आणि इंजिनाची पकड पाटाच्या वरच्या कडेला असते. पंखा होडीला पुढे रेटतो तेव्हा ब्रॅकेटचा खालचा भाग पाटात रुततो आणि वरचा भाग मागे उपटला जातो. पहारेने दगड उचकटावा, तशी ही क्रिया प्रत्येक क्षणी चालू असते. लाटेवर होडी आपटली की त्यात झटक्यांची भर पडते. म्हणूनच कुजलेल्या पाटाला पहिला तडा बहुधा वरच्या बोल्टांजवळ किंवा पाट जेथे दोन्ही बाजूंना मिळतो त्या कोपऱ्यांत जातो.

खारे पाणी बरे, गोडे वाईट

फायबर कुजत नाही, हे विक्रेत्याचे वाक्य खरे आहे. लाकूड कुजते, हे तो सांगत नाही. लाकूड कुजविणारी बुरशी वाढण्यासाठी ओल आणि हवा दोन्ही लागतात. लाकडातील ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढू शकत नाही. हा ओलावा आत शिरतो तो बोल्टांच्या छिद्रांतून, पाणी काढण्याच्या बुचाच्या भोकातून आणि पाटाच्या वरच्या कडेतून. होडी बांधताना पाटाला भोक पाडले आणि त्यात सीलंट न भरता बोल्ट ठोकला, तर त्याच दिवशी कुजण्याची सुरुवात झाली असे समजावे. परिणाम दिसायला चार-सहा वर्षे लागतात एवढेच.

येथे एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते. समुद्राच्या पाण्याने लाकूड लवकर कुजते, असा समज आहे. वास्तविक मीठ बुरशीला मारक असते. जुन्या काळी लाकडी जहाजे बांधताना फळ्यांच्या मधल्या पोकळीत खडे मीठ भरण्याची पद्धत होती, ती याच कारणासाठी. होडीचा खरा शत्रू पावसाचे पाणी. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गोव्यात किनाऱ्यावर उघडी पडलेली होडी समुद्रात असण्यापेक्षा अधिक वेगाने कुजते. भालकीकडचा पाऊस याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. पण तेथे जलाशयाचे पाणीच गोडे. खाऱ्या पाण्यात थोडीफार रोखली गेलेली कुज तेथे मोकळी सुटते. किनाऱ्यावरची जुनी होडी घाटावर नेणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

विकत घेण्यापूर्वीची परीक्षा

कुज ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही. इंजिन लावलेले असताना त्याचा खालचा भाग हाताने धरून वर-खाली हलवावा आणि दुसऱ्याने पाटाच्या वरच्या कडेकडे पाहावे. पाट दिसण्याइतपत वाकत असेल, तर पुढची चर्चा किमतीची नसून दुरुस्तीची आहे. नंतर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने किंवा लहान हातोडीने सर्व पाटावर ठोकत जावे. सुक्या भागाचा आवाज टणक येतो, कुजलेल्या भागाचा बद्द येतो. कोपऱ्यांतील केसासारख्या चिरा, बोल्टाच्या वॉशरभोवती खचलेला फायबर, छिद्रांतून ओघळलेला तपकिरी डाग, या खुणा रंगाच्या नव्या हाताखाली लपविल्या जातात. नुकताच रंगविलेला पाट म्हणूनच अधिक संशयाने पाहावा.

शेवटची खात्री पाच-सहा मिलिमीटरच्या ड्रिलने होते. आतल्या बाजूने, बाहेरचा पापुद्रा न भेदता, खालच्या भागात आणि बोल्टांच्या जवळ तीन-चार छिद्रे पाडावीत. भुसा कोरडा, पिवळसर आणि कुरकुरीत आला तर प्लाय ठीक. काळसर, ओला, कुबट वासाचा लगदा आला किंवा छिद्रातून पाणी पाझरू लागले, तर निर्णय झालाच. ही छिद्रे नंतर रेझिनने बुजविता येतात. विक्रेता छिद्र पाडू देत नसेल, तर त्या नकारालाही एक अर्थ असतो.

माझ्या आप्ताच्या होडीत तिन्ही छिद्रांतून पाणी आले. होडी चार महिने उन्हात उभी होती, तरीही.

चार हजार आणि पन्नास हजार

चार हजारांची पट्टी म्हणजे पाटाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचा पत्रा लावून तो आरपार बोल्टांनी आवळणे. यामुळे हलणे काही काळ थांबते. पण कुजलेल्या प्लायमध्ये नवी छिद्रे पडतात, पत्र्यामागे पाणी कोंडते आणि आतला लगदा बोल्टांखाली दबत राहतो. हंगामाच्या मध्यावर होडी अडली, तर किनाऱ्याजवळ आठ-पंधरा दिवस ढकलण्यापुरता हा उपाय समजू शकतो. त्याला दुरुस्ती म्हणता येणार नाही. भर पाण्यात पाट तुटला तर इंजिन तळाशी जाते आणि मागून होडीत पाणी शिरते. कारंजासारख्या जलाशयात किनारा दूर असतो आणि हाकेच्या अंतरावर दुसरी होडी असेलच असे नाही.

खरी दुरुस्ती अशी. आतला पापुद्रा ग्राइंडरने कापून काढायचा. सर्व प्लाय छिन्नीने खरवडून बाहेरच्या पापुद्र्यापर्यंत पोहोचायचे. तो पूर्ण सुकू द्यायचा आणि घासून खरखरीत करायचा. नवे प्लाय दोन थरांत रेझिनने चिकटवायचे, ते घट्ट होईपर्यंत आवळून ठेवायचे आणि त्यावर काचतंतूंचे थर चढवून होडीच्या बाजू व तळाशी ते जोडून घ्यायचे. जुन्या पापुद्र्याची कड उभी न ठेवता उतरती घासावी लागते. जाडीच्या बारापट रुंद उतार हा प्रचलित नियम आहे. तीन मिलिमीटरच्या पापुद्र्याला सुमारे छत्तीस मिलिमीटर उतार. या पायरीला कंटाळलेला कारागीर उभ्या कडेला कड लावून मोकळा होतो आणि पुढच्या वर्षी तडा नेमका त्याच रेषेवर जातो.

आता हिशेब मांडू. पाच फूट रुंद आणि दोन फूट उंच पाट धरला आहे. दर मी सोयीसाठी गृहीत धरलेले आहेत. वाचकाने आपल्या बाजारातील दर घालून हीच बेरीज पुन्हा करावी, कारण प्रमाणे बदलत नाहीत, दर बदलतात.

प्लाय अठरा मिलिमीटरचे, दोन थर. आठ बाय चार फुटांच्या एका ताव्यात पाच बाय दोनचे दोन्ही तुकडे शेजारी-शेजारी बसतात आणि आधाराच्या गुडघ्यांसाठी तीन फुटांचा तुकडा उरतो. चौरस फुटाला १३० रुपये धरले, तर बत्तीस फुटांचे ४,१६० रुपये. हे प्लाय 'आयएस ७१०' असा शिक्का असलेले मरीन प्लायच असावे. या मानकाच्या चाचणीत प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. दुकानदाराचा 'वॉटरप्रूफ' हा शब्द म्हणजे तो शिक्का नव्हे. येथे हजार-बाराशे रुपये वाचविणारा माणूस सर्व मजुरी पुन्हा एकदा द्यायची तयारी करीत असतो.

आतल्या बाजूला ४५० ग्रॅमच्या मॅटचे चार आणि ६०० ग्रॅमच्या विणलेल्या रोव्हिंगचे दोन थर पुरेसे होतात. बाजूंवर आणि तळावर सहा-सहा इंच चढवून क्षेत्र साधारण दीड चौरस मीटर भरते. म्हणजे काचतंतू साडेचार किलो. तुकडे वाया जातात म्हणून पाच किलो, १६० रुपयांप्रमाणे ८०० रुपये. मॅटला तिच्या वजनाच्या दुपटीहून अधिक रेझिन लागते, रोव्हिंगला साधारण तेवढेच. थरांसाठी आठ किलो, प्लाय भिजविण्यासाठी आणि चिकटविण्यासाठी सहा, आणि सांडलवंड धरून एकूण पंधरा किलो. पॉलिएस्टर रेझिनला किलोला २२० रुपये धरल्यास ३,३०० रुपये. हार्डनर, कोबाल्ट, पावडर, अॅसिटोन, ब्रश, रोलर, ग्राइंडरच्या चकत्या, हातमोजे आणि मास्क यांचे २,००० रुपये. उत्तम स्टेनलेस बोल्ट, मोठे वॉशर आणि सीलंटच्या ट्यूबचे १,५०० रुपये. जेलकोट किंवा रंगाचे १,००० रुपये. साहित्याची बेरीज १२,७६० रुपये.

मजुरी एका कसबी कारागिराची आणि एका मदतनिसाची, दिवसाला मिळून २,००० रुपये, कामाचे पाच दिवस. मधले सुकण्याचे दिवस यात धरलेले नाहीत. त्यांचे दहा हजार मिळवले की एकूण २२,७६० रुपये होतात. पॉलिएस्टरऐवजी इपॉक्सी वापरले आणि त्याला किलोला ६०० रुपये धरले, तर ५,७०० रुपयांची भर पडून आकडा २८,४६० वर जातो. म्हणजे साध्या कामासाठी पंचवीस हजारांच्या अलीकडे-पलीकडे ही रक्कम वाजवी मानावी.

मग पन्नास हजार कशाचे? पाटाचे प्लाय कुजले असेल तर ओल तेथेच थांबलेली असते असे नाही. तळाला ताठपणा देणाऱ्या लांब लाकडी पट्ट्या पाटाला येऊन मिळतात आणि ओल त्यांच्यातून पुढे सरकते. त्या बदलायच्या तर होडीतील फळीतळ उचकटावा लागतो. काम दुप्पट होते, कधी तिप्पट. दुसऱ्या कारागिराने बहुधा ही शक्यता धरूनच आकडा सांगितला होता. शहाणा मालक आधी पाट उघडून पाहण्यापुरतीच मजुरी ठरवतो आणि पट्ट्यांची स्थिती दिसल्यावर पुढचा करार करतो. पट्ट्याही गेल्या असतील आणि एकूण खर्च होडीच्या खरेदीकिमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर हात आखडता घ्यावा, असे माझे मत आहे. होडी केवळ वल्ह्यांवर चालवायची असेल, तर गोष्ट वेगळी. इंजिनच टांगायचे नाही म्हटल्यावर पाटावरचा बहुतेक भार नाहीसा होतो, आणि आतून दोन थर देऊनही बरीच वर्षे निभावते.

कोणते रेझिन?

इपॉक्सी महाग असले तरी जुन्या फायबरला आणि लाकडाला ते अधिक घट्ट चिकटते, याबद्दल दुमत नाही. पण आपल्याकडील बहुतेक कारागिरांचा हात पॉलिएस्टरवर बसलेला असतो. शिवाय नेहमीच्या मॅटमधील तंतू ज्या चिकीने एकत्र धरलेले असतात, ती पॉलिएस्टरमधील स्टायरिनमध्ये विरघळते, इपॉक्सीत विरघळत नाही. इपॉक्सीबरोबर विणलेले किंवा शिवलेले कापड घ्यावे लागते. अर्धवट माहितीने केलेल्या इपॉक्सीच्या कामापेक्षा नीट घासून, नीट सुकवून केलेले पॉलिएस्टरचे काम अधिक टिकते. पैसे असतील तर मध्यममार्ग असा, की प्लाय चिकटविण्याचे काम आणि जोडाचे थर दोन्ही इपॉक्सीत करावेत आणि वर रंग द्यावा. इपॉक्सीवर जेलकोट नीट धरत नाही.

एक धोक्याची सूचना येथे टाळता येत नाही. आपल्या बाजारात पॉलिएस्टर रेझिनबरोबर दोन लहान बाटल्या मिळतात, जांभळट कोबाल्टची आणि पाण्यासारख्या हार्डनरची. हे दोन द्रव एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे आणि नंतरच हार्डनर घालावा. दोन्ही बाटल्या एकाच पिशवीत ठेवण्याची सवयही वाईट.

पावसाळ्यातील अडचण

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या वर काढल्या जातात आणि माणसे मोकळी असतात, तेव्हा दुरुस्तीची कामे याच काळात निघणे स्वाभाविक आहे. दुर्दैवाने पाटाच्या कामासाठी गोव्यात याहून वाईट काळ नाही. हवेतील आर्द्रता सतत ऐंशी टक्क्यांच्या वर असताना उघडलेला पापुद्रा सुकत नाही, नवे प्लायही ओल धरते आणि ओलीवर चढविलेला थर कालांतराने सुटतो. ताडपत्रीचा मांडव पाऊस अडवतो, दमटपणा अडवत नाही. शक्य असेल त्याने पाट उघडण्याचे आणि सुकविण्याचे काम मेच्या पूर्वार्धात उरकावे आणि पावसाळा रंगकाम, जाळी आणि इंजिनाच्या देखभालीसाठी ठेवावा. मेमधले आठ-दहा दिवस बुडतात हे खरे, आणि ज्याचे घर रोजच्या मासळीवर चालते त्याला हा सल्ला देणे सोपे आहे, पाळणे कठीण. सुमारे तेवीस हजारांच्या हिशेबात हे बुडालेले दिवस कोठेच लिहिलेले नाहीत. प्रत्यक्षात तो खर्चाचा मोठा भाग असतो.

भालकीची अडचण याच्या नेमकी उलट. तेथे उन्हाळ्यात हवा कोरडी, पाट सुरेख सुकतो. पण पारा चाळिशीला गेला की रेझिन डब्यातच गोठू लागते. तेथे हार्डनर दोन टक्क्यांऐवजी एक टक्क्याच्या जवळ ठेवावा, त्याखाली मात्र जाऊ नये, नाहीतर थर आतून कच्चा राहतो. काम पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी थांबवावे आणि एका वेळी थोडेच रेझिन कालवावे. साहित्य हैदराबादला मिळते. कारागीर मात्र कूलर, टाक्या किंवा मूर्ती बनविणारे असतात. त्यांना मॅट आणि रेझिन उत्तम कळते, पण इंजिनाचा भार कळेलच असे नाही. उताराची घासणी आणि बाजूंवरचे सहा इंच चढविणे, या दोन गोष्टी मालकाने उभे राहून करून घ्याव्यात.

काम संपल्यावर इंजिन लगेच टांगण्याची घाई नको, किमान आठवडा जाऊ द्यावा. बोल्टांची छिद्रे गरजेपेक्षा मोठी पाडून, इपॉक्सीने पूर्ण भरून, ती घट्ट झाल्यावर मधोमध पुन्हा योग्य मापाचे छिद्र पाडावे. अशा छिद्रात पाणी शिरले तरी ते प्लायपर्यंत पोहोचत नाही. होडी नवी असतानाच कोणी हे केले असते, तर चार छिद्रांना मिळून काहीशे रुपये लागले असते.

भालकीची ती होडी सध्या घराच्या अंगणात उघडलेल्या पाटासह उभी आहे. तळाच्या दोन पट्ट्यांपैकी एक ओली निघाली, पण फक्त शेवटच्या दोन फुटांत. करार एकतीस हजारांवर ठरला आहे, प्लाय आणून सावलीत ठेवले आहे. चार हजारांची पट्टी लावून पाहावी, असे घरातील वडीलधाऱ्यांपैकी एकाचे मत अजूनही आहे.